यंत्र चुकले तर जाब कोणाला विचारायचा?

गेल्या पावसाळ्यातील एका रविवारी मिस्सा आटोपून आम्ही सॅक्रिस्टीत झगा उतरवीत होतो, तोच खानापूरकडच्या एका वाडीवरचा शेतकरी दारात येऊन उभा राहिला. एका हातात गळकी छत्री आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. फोनवर भाताच्या पानाचे छायाचित्र होते. लावणीनंतर तीनेक आठवड्यांनी खालच्या पानांवर गंजासारखे तपकिरी डाग पडले, रोपे खुजी राहिली, म्हणून त्याने पानाचा फोटो काढून फोनमधल्या एका शेती-सल्ल्याच्या ॲपला दाखविला होता. क्षणात उत्तर आले, करपा. खाली बुरशीनाशकाचे नावही आले. गडी दुसऱ्या दिवशी दुकानात गेला, अकराशे रुपयांचे औषध आणले, फवारले. आठ दिवस गेले तरी डाग होते तसेच. मग तो रयत संपर्क केंद्रात गेला. तेथल्या बाईंनी पान उलटसुलट करून पाहिले. शेतात पाणी किती दिवस साचून आहे, शेणखत कधी घातले होते, जस्त कधी दिले होते, असे चार प्रश्न विचारले आणि म्हणाल्या, हा करपा नव्हे, जस्ताच्या कमतरतेने होणारा खैरा आहे.

वाचक शेतकऱ्यांसाठी येथेच सांगून टाकतो. करपा ही बुरशी. तिचे डाग दोन्ही टोकांना निमुळते, डोळ्याच्या आकाराचे आणि मध्ये राखी रंगाचे असतात. खैऱ्याचे डाग गंजाच्या रंगाचे. ते आधी जुन्या, खालच्या पानांवर दिसतात, आणि शेतात पाणी साचून राहते तेथे अधिक. त्यावर एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम झिंक सल्फेट व अडीच ग्रॅम विरविलेला चुना ह्या प्रमाणात फवारणी करतात. पुढच्या वर्षी लावणीपूर्वी हेक्टरी २० ते २५ किलो झिंक सल्फेट जमिनीत द्यायचे, मात्र आधी माती तपासून. बुरशीच नाही तेथे बुरशीनाशक काय करणार?

त्या गड्याने सगळी हकिगत सांगून आम्हाला विचारले, "फादर, ह्या फोनवर खटला भरता येतो का?"

आम्ही हसलो. तोही हसला. पण घरी येऊन जेवायला बसल्यावर तो प्रश्न काही आमच्या मनातून जाईना. दुकानदाराने चुकीचे औषध गळ्यात मारले असते, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन चार शब्द सुनावता आले असते. सरकारी अधिकाऱ्याने चुकीचा सल्ला दिला असता, तर तालुक्याला अर्ज करता आला असता. येथे कोणाकडे जायचे? ॲप बनविणारे कोठे बसतात ठाऊक नाही. त्यांच्या अटी इंग्रजीत, आणि त्या अटींत शेवटी असे की सल्ला मानण्याची जबाबदारी सर्वस्वी वापरणाऱ्याची. अकराशे रुपये म्हणजे त्या घरची तीन दिवसांची मजुरी. अकराशेचे दुःख एक वेळ पचेल. पण ह्याच जातीची यंत्रे आता रोग कोणाला आहे, रेशन कोणाला मिळावे, कर्ज कोणाला द्यावे, हेही सांगू लागली आहेत. म्हणून हा विषय शेती-आरोग्याच्या पानावर घ्यावा असे आम्हाला वाटले.

'कृत्रिम बुद्धिमत्ता' हे नाव आमच्या मते जरा जास्तच मोठे आहे. ते ऐकून कोणाला वाटेल की आत कोणी शहाणा बसला आहे. आत बसलेले असते गणित. हजारो, लाखो छायाचित्रे यंत्राला दाखवितात. प्रत्येकावर माणसाने चिठ्ठी लावलेली असते, हा करपा, हा कडाकरपा, हे निरोगी पान. यंत्र रंग, आकार आणि कडा ह्यांचे मेळ बसवीत जाते. पुढे नवे पान दाखविले की ते म्हणते, हे पान करप्याच्या चित्रांशी शंभरात ऐंशी जुळते. ते 'ऐंशी' आपल्यापर्यंत पोहोचत नाही, आपल्यापर्यंत पोहोचतो एकच शब्द, करपा. ज्या शेतांची चित्रे त्याने पाहिली त्यांत खैऱ्याचे पान थोडे असेल किंवा मुळीच नसेल, तर खैरा त्याच्या जगात नाहीच. आणि शेतात पाणी किती दिवस साचले आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नाही, त्यानेही विचारले नाही. संपर्क केंद्रातील बाईंनी आधी तेच विचारले होते.

तेव्हा पहिली गोष्ट मनात पक्की धरावी. हे यंत्र निर्णय देत नाही, अंदाज देते. पुष्कळदा चांगला अंदाज देते, कधीकधी माणसाहून चांगला. प्रश्न आहे तो, त्या अंदाजाचे पुढे काय करायचे हे कोण ठरवितो, हा. आम्ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवतो.

पहिले क्षयरोगाचे. छातीचा एक्स-रे वाचायला तज्ज्ञ डॉक्टर लागतो आणि खेड्यापाड्यांत तो मिळत नाही. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की पंधरा वर्षांच्या व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग-तपासणीत एक्स-रे वाचण्याचे काम संगणकाकडून करून घेण्यास हरकत नाही. आपल्या देशात डिसेंबर २०२४ मध्ये क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. तीत हातात धरून नेता येणारी एक्स-रे यंत्रे गावोगाव फिरली आणि चित्रे वाचायला हीच संगणकी मदत होती. ही चांगली गोष्ट आहे, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो. ज्या वाडीवर डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, तेथे खोकणाऱ्या आजीबाईंना त्याच दिवशी काही कळणे, हे थोडके नव्हे.

आता त्यातील हिशेब पाहा. समजा, एका गावात हजार माणसांची तपासणी झाली आणि त्यांत खरोखरच क्षयाचे दहा रुग्ण आहेत. यंत्र चांगले आहे, दहांतले नऊ रुग्ण धरते आणि निरोगी माणसांपैकी दहांत एकालाच चुकून संशयित ठरविते. ऐकायला उत्तम. पण निरोगी माणसे आहेत ९९०. त्यांचा दहावा हिस्सा ९९. म्हणजे संशयितांच्या यादीत आली १०८ नावे, आणि त्यांत खरे रुग्ण नऊच. उरलेली ९९ माणसे धडधाकट. शिवाय एक रुग्ण 'निरोगी' असा निरोप घेऊन घरी गेला तो वेगळाच. हे आकडे आम्ही समजुतीपुरते घेतले आहेत, पण हिशेबाची तऱ्हा सगळीकडे हीच असते. रोग जितका विरळ, तितकी यादीत निरपराध माणसे अधिक.

मग ह्याने गोंधळ का होत नाही? कारण यंत्राच्या संशयावर कोणाला औषध सुरू करीत नाहीत. संशयिताचा बेडका घेतात, तो प्रयोगशाळेत तपासतात, आणि मग डॉक्टर ठरवितो. ९९ माणसांना दोन दिवसांचा घोर लागतो खरा, पण तो मिटतो. अंदाज येथे तपासणीच्या आधी येतो. शिवाय यंत्राने कितपत संशय आल्यावर बोट दाखवायचे, ती रेघ कोठे ओढायची, हे यंत्र ठरवीत नाही. ते माणसांनी आपल्या भागाची परिस्थिती पाहून ठरवायचे असते. (सुटलेल्या त्या एकासाठी मात्र सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणे किंवा बेडक्यात रक्त असेल, तर यंत्राने काहीही म्हटले असले तरी सरकारी दवाखान्यात जाऊन बेडका तपासून घ्या. तपासणी आणि औषध दोन्ही तेथे फुकट आहेत.)

दुसरे उदाहरण हैदराबादचे. सेमिनरीतील आमचे एक जुने सोबती सिकंदराबादेस असतात. त्यांच्याकडे उतरलो असताना ह्या प्रकरणाविषयी प्रथम ऐकले आणि मग वर्तमानपत्रांतून व न्यायालयाच्या बातम्यांतून मिळेल तेवढे वाचले. तेलंगणा सरकारने 'समग्र वेदिका' नावाची एक संगणकी व्यवस्था उभी केली. तीसएक खात्यांच्या नोंदी, कोणाच्या नावावर मोटार आहे, घर आहे, वगैरे, ती एकत्र जुळविते आणि अमुक माणूस व तमुक माणूस एकच आहे की नाही ह्याचा अंदाज बांधते. २०१६ पासून ती रेशनकार्डांच्या छाननीला लावली गेली. २०१४ ते २०१९ ह्या काळात त्या राज्यात साडेअठरा लाखांहून अधिक कार्डे रद्द झाली. लोकांना हे कळले ते दुकानात धान्य आणायला गेल्यावर. आधी नोटीस नाही, घरी कोणी चौकशीला आले नाही. एका गरीब विधवेचे कार्ड गेले ते असे, की तिच्या नवऱ्याच्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेल्या दुसऱ्याच एका गृहस्थाकडे मोटार होती. संगणकाने दोघे एकच मानले.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने राज्याला सांगितले की रद्द केलेल्या सुमारे १९ लाख कार्डांची प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी करा. त्यानंतर जे अर्ज आले, त्यांपैकी २,०५,७३४ अर्ज तपासून झाले तेव्हा १५,४७१ कुटुंबे पात्र निघाली. म्हणजे शंभरात साडेसात. आता कोणी म्हणेल, शंभरात साडेब्याण्णव बरोबर आले की! परीक्षेत एवढे गुण मिळाले तर आपण पेढे वाटू. पण ती पंधरा हजार घरे कित्येक महिने, काही तर वर्षे, तांदूळ बाजारभावाने घेत होती किंवा घेत नव्हती. आणि ज्यांना अर्ज करणे जमले नाही, जे दरम्यान गाव सोडून गेले, ते ह्या हिशेबात आहेत तरी कोठे?

दोन्ही ठिकाणी यंत्र अंदाजच करीत होते. क्षयाच्या तपासणीत अंदाजानंतर माणूस उभा होता. हैदराबादेत अंदाज हाच हुकूम झाला, तपासणीच्या ऐवजी आला, आणि आपण खरे आहोत हे सिद्ध करण्याचे ओझे उपाशी माणसावर पडले. आमच्या मते साऱ्या वादाचे मर्म ह्या एका फरकात आहे. यंत्र चांगले की वाईट, हा वाद त्यापुढे गौण आहे.

नावांच्या घोटाळ्याबद्दल मात्र आम्हाला दोन शब्द अधिक लिहिलेच पाहिजेत, कारण ह्या विषयात धर्मग्रामाच्या कचेरीत बसणाऱ्याला कोणी काही शिकवायला नको. आमच्या बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदवहीत एक मनुष्य लॅटिनमध्ये 'पेत्रुस' आहे. घरी त्याला 'पेद्रू' म्हणत. मराठी शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी 'पेदरू' लिहिले. रेशनकार्ड कानडीत, तेथे तो 'पेड्रू' झाला. आधारकार्ड काढताना मुलाने इंग्रजीत 'पीटर' सांगितले. आडनावाची तऱ्हा तीच, फर्नांडिस, फर्नांदिश, फेर्नांड. आणि त्याच नोंदवहीत, त्याच आडनावाचे, त्याच वाड्यावरचे दुसरे तीन पेद्रू आहेत! आम्ही त्यांना कसे वेगळे ओळखतो? आईचे नाव, आजोळ, धर्ममातापिता कोण होते, आणि अखेरीस गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला विचारून. सीमाभागात तीन भाषांचे कागद एकाच पेटीत ठेवून जगणाऱ्या आपल्या लोकांनी हैदराबादची गोष्ट दूरची समजू नये. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांचेही तसेच. आजोबांचे कागद एका लिपीत, नातवाचे दुसऱ्या.

आणि चूक माणूसही करतो, हे आम्ही कोणत्या तोंडाने नाकारावे? काही वर्षांपूर्वी एका तरुणाला बाप्तिस्म्याचा दाखला देताना आम्ही जन्मसाल चुकीचे उतरविले. आकडा वरच्या ओळीवरून घेतला होता. ती चूक पासपोर्टाच्या कचेरीत उघडकीला आली आणि त्या मुलाची परदेशातली नोकरी जवळजवळ हातची गेली. त्याची आई आमच्याकडे आली. संतापलेली होती, आणि संताप रास्त होता. आम्ही तिच्यासमोर नोंदवही उघडली, चूक पाहिली, नवा दाखला केला आणि सोबत पत्र दिले की चूक आमच्या हातून झाली. खाली आमची सही. मुलगा गेला. चूक घडली तेव्हा जाऊन भांडायला त्या बाईला एक दार होते, त्या दारामागे एक मनुष्य होता आणि कागदावर त्याची सही होती.

आता कोणी असेही म्हणेल, फादर, कारकून काय कमी छळतात? पैसे खाणारा कारकून बरा की पैसे न खाणारे यंत्र बरे? प्रश्न खरा आहे. खोट्या रेशनकार्डांवर धान्य उचलणारे होते आणि आहेत, त्यांना धरणे सरकारचे कर्तव्यच आहे, आणि त्या कामी संगणकाने बोट दाखविले तर आम्ही त्याचे स्वागत करू. पण यंत्र निःपक्षपाती असते ही समजूत काढून टाकावी. अमेरिकेत २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील इस्पितळे ज्या संगणकी पद्धतीने अधिक आजारी माणसे निवडून त्यांना जादा देखभाल देत, तिने आजाराची तीव्रता मोजण्यासाठी मागील खर्च धरला होता. काळ्या लोकांवर खर्चच कमी झालेला, म्हणून सारखेच आजारी असूनही ते यादीत मागे पडत. कोणी मनात आकस धरला नव्हता. जुना अन्याय फक्त आकड्यांतून पुढे सरकला. नेदरलँड्ससारख्या सुव्यवस्थित देशात तर मुलांच्या पाळणाघरासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीत लबाडी शोधायला करखात्याने असेच यंत्र लावले. ते परदेशी नागरिकत्व असलेल्यांकडे अधिक संशयाने पाही. हजारो आईबापांवर लबाडीचा ठपका आला, त्यांना भल्यामोठ्या रकमा परत भरायला लावल्या. अशा कुटुंबांतील हजाराहून अधिक मुले घरापासून दूर ठेवली गेली. जानेवारी २०२१ मध्ये ह्या प्रकरणापायी तेथील मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. तेथेही कागदावर सही करणारे होते, पण प्रत्येक जण म्हणे, संगणकाने सांगितले.

तात्पर्य, कायदा हवा. युरोपातील राष्ट्रांनी तो केला आहे, आणि तो १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात येऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. सरकारी मदत कोणाला द्यावी हे ठरविणारी यंत्रे त्यात जोखमीची म्हणून वेगळी काढली आहेत आणि त्यांच्यावर माणसाची देखरेख सक्तीची आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि त्यातील नागरिकांचे मुख्य हक्क नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायचे आहेत. आपल्याविषयीची चुकीची माहिती दुरुस्त करून मागण्याचा हक्क त्यात आहे, हे चांगले. मात्र केवळ यंत्राने केलेला निर्णय आपल्याला मान्य नाही, तो माणसाने पाहावा, असे म्हणण्याचा हक्क, जो युरोपात आधीपासून आहे, तो आपल्या कायद्यात नाही. सरकारी खात्यांना सवलतीही बऱ्याच आहेत. त्याच नोव्हेंबरात केंद्र सरकारने कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत माणूस केंद्रस्थानी, उत्तरदायित्व वगैरे चांगली वचने आहेत, पण स्वतंत्र कायद्याची तूर्त गरज नाही असे म्हटले आहे. आम्ही कायदेपंडित नाही. तरी आमचे मत विचाराल तर पोटाचा आणि औषधाचा प्रश्न असेल तेथे चांगल्या वचनांवर विसंबून राहू नये.

ख्रिस्तसभेनेही ह्यात लक्ष घातले आहे, ते थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०२० मध्ये रोममध्ये एक जाहीरनामा निघाला. त्यावर परमधर्मपीठाच्या जीवनविषयक अकादमीबरोबर मायक्रोसॉफ्ट व आयबीएम ह्या कंपन्यांनी आणि राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेने सह्या केल्या. शेती संघटना त्यात का, असे पुष्कळांना वाटले. खैऱ्याची गोष्ट वाचलेल्यांना वाटू नये. जून २०२४ मध्ये पोप फ्रान्सिस इटलीत भरलेल्या सात बड्या राष्ट्रांच्या परिषदेत ह्याच विषयावर बोलले. यंत्र निवड करते, पण निर्णय माणसाच्या हाती राहिला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

कायदे होतील तेव्हा होतील. तोवर आपल्या हातात काय आहे ते पाहू. फोनवरच्या शेती-सल्ल्याला शेजाऱ्याच्या सल्ल्याइतकीच किंमत द्यावी. ऐकून घ्यावे, आणि पैसे खर्चण्यापूर्वी पान घेऊन रयत संपर्क केंद्रात, महाराष्ट्रात असाल तर सहायक कृषी अधिकाऱ्याकडे, गोव्यात विभागीय कृषी कार्यालयात जावे. एका खेपेचे बसभाडे अकराशे रुपये नसते. दवाखान्यात एक्स-रे किंवा डोळ्याची तपासणी यंत्राने केली, असे सांगितले तर विचारावे, "डॉक्टर, आपण स्वतः पाहिलेत का? पुढची तपासणी कोणती?" ह्यात उद्धटपणा नाही. थायलंडमध्ये मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांचे फोटो वाचणारे यंत्र अकरा दवाखान्यांत लावले होते. प्रयोगशाळेत ते उत्तम चाले. खेड्यातल्या खोलीत उजेड ठीक नसल्याने त्याने पाचांत एकाहून अधिक फोटो वाचायलाच नकार दिला, आणि माणसांना दुसऱ्या गावच्या इस्पितळात जायला सांगण्यात आले. परिचारिकांना काही फोटो नुसत्या डोळ्यांनी ठीक दिसत होते, पण यंत्रापुढे त्यांचे काही चालेना.

आणि रेशनकार्ड किंवा पेन्शन अचानक बंद झाली तर दुकानदाराशी वाद घालत बसू नये, त्याच्या हाती काही नसते. तहसील कचेरीत किंवा अन्न खात्यात लेखी अर्ज द्यावा आणि एवढेच विचारावे, माझे कार्ड कोणत्या कारणाने, कोणत्या नोंदीवरून आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या हुकमाने रद्द झाले? अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली तोच प्रश्न पुन्हा विचारावा, तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात तक्रार निवारण अधिकारी आणि राज्यात अन्न आयोग नेमण्याची तरतूद आहे, ते पुष्कळांना ठाऊकच नसते. 'संगणकाने सांगितले' हे उत्तर मिळाले तर तेच लेखी मागावे. असे उत्तर लिहून द्यायला सहसा कोणी तयार होत नाही, आणि मग बहुधा फाईल उघडली जाते.

आमच्या खानापूरच्या गड्याने त्या ॲपला 'चूक' असा शेरा दिला. 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार' असे उत्तर इंग्रजीत आले. पीक झिंकच्या दोन फवारण्यांनंतर सावरले, उतारा थोडा कमी आला. ॲप त्याने अजून काढून टाकलेले नाही, हवामान बरे सांगते म्हणतो.

नावांच्या घोटाळ्यासाठी मात्र वाट पाहू नका. येत्या महिन्यात दर बुधवारी संध्याकाळी पाच ते सात आम्ही धर्मग्रामाच्या कचेरीत नोंदवह्या घेऊन बसणार आहोत. ज्यांच्या कागदांवर नावे निरनिराळी आहेत, त्यांना बाप्तिस्म्याच्या नोंदीवरून 'ही व्यक्ती एकच' असा दाखला लिहून देऊ. येताना आधार, रेशनकार्ड, शाळेचा दाखला आणि मतदार ओळखपत्र असे मूळ कागद आणा, झेरॉक्स नको. आजीबाई हयात असतील तर त्यांनाही बरोबर आणा, त्यांची आठवण आमच्या नोंदवहीपेक्षा पुष्कळदा चांगली असते.